पेंग्विनचा डोळा, बाबांची विहीर

"लांबचं स्पष्ट दिसायला हवंय, की जवळचं?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं.

मोतीबिंदू काढल्यावर आत जे कृत्रिम भिंग बसवतात ते एकाच अंतराला नीट दाखवतं. दुसऱ्या अंतराला चष्मा. साधी गोष्ट. आमच्या आधीच्या आजी "लांबचं" म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालायला लागल्या. बाबा मात्र हाताची घडी घालून खुर्चीत तसेच बसले. म्हणाले, "आनि पान्यातलं?"

"पाण्यातलं म्हणजे?"

"पान्याच्या आत. हिरीत उतरतो मी."

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. हसून म्हणाले, "काका, जमिनीवर आणि पाण्यात, दोन्हीकडे स्पष्ट बघणं पेंग्विनला जमतं. आपल्याला नाही जमत."

बाबा हसले नाहीत. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीमागे फाइल घेऊन उभी होते आणि ते आता काय बोलणार हे मला कळलं होतं.

"ही सांगंल," ते डॉक्टरांना म्हणाले. "ही शिकलेली हाय. हिनं कालेजात पेंग्विनच केलाय. ही बोलली का पान्यातलं जात न्हाय, तर करा आपरेशन. न्हायतर राहू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. आधी उजवा डोळा, मग जमेल तसा डावा. उजव्या डोळ्याने बाबांना समोर धरलेली बोटंही मोजता येत नव्हती. डावा त्याच वाटेवर होता. आणि त्यांचा निर्णय माझ्या एका उत्तरावर अडकला होता. ते उत्तर मला येत नव्हतं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी., प्राणिशास्त्र, अलिबागच्या कॉलेजातून. हे मी कुठेही न लाजता सांगते. बाबा चौथी, आई शाळेत गेलीच नाही. माझं पदवीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून पुढच्या खोलीत देवांच्या फोटोशेजारी लावलंय, आणि गणपतीत घर सजवताना देवांच्या आधी ते पुसलं जातं. तेव्हापासून घरातला प्रत्येक प्रश्न माझ्याकडे येतो. मोबाइलला रेंज का नाही, गोळी जेवणाआधी की नंतर, सरकारी फॉर्मवर सही कुठे. मी सगळ्यांची उत्तरं देते. माहीत नसलं तरी देते. हा माझा दोष आहे, पण चौथी शिकलेल्या माणसाने आपल्याकडे मान वर करून बघितल्यावर "माहीत नाही" म्हणणं सोपं नसतं. करून बघा.

कॉलेजात गेल्यावर मी बाबांना "तुम्ही" म्हणायला लागले. त्याआधी अरे-तुरे होतं. आईला अजून "तू"च आहे. रागावले की बाबांनाही "तू" येतं, आणि मग ते खूश होतात.

किहीमच्या अलीकडे नारळ-सुपारीच्या एका वाडीत बाबा वर्षानुवर्षं कामाला आहेत. वाडीतल्या माणसाला माडावर चढता येतं तसं विहिरीतही उतरता यावं लागतं. मोटारीचा पाइप विहिरीत खाली जातो, त्याच्या टोकाला फुटवॉल नावाची झडप असते, तिला जाळी. जाळीत पाला-गाळ अडकला की मोटार नुसती घरघरते, पाणी चढत नाही. मग कोणीतरी खाली बुडी मारून जाळी मोकळी करायची. आसपासच्या कॉटेजवाल्यांच्या विहिरींतही हे काम बाबांकडेच येतं. बाकीचे लोक पाइप सोडवून अख्खा वर ओढतात, अर्धा दिवस घालवतात. बाबा दोन बुड्यांत काम करतात. त्यांचं म्हणणं एकच, "मना पान्यात दिसतं." हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खरं की खोटं, असा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

आता पेंग्विनचं. शेवटच्या वर्षाला सगळ्यांना एकेका विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. मैत्रिणीला गांडूळ आलं, मला पेंग्विनचा डोळा. सगळे हसले. मी पाठ करून टाकलं. फळ्यावर दोन डोळ्यांच्या आकृत्या काढल्या, एक माणसाचा, एक पेंग्विनचा, रंगीत खडूंनी. टाळ्या पडल्या. नंतर कॉलेजने आम्हांला मांडव्याहून लाँचने मुंबईला नेलं होतं, तिथल्या प्राणिसंग्रहालयात काचेपलीकडे मी पहिल्यांदा पेंग्विन बघितला. पाण्यातून तो सरळ माझ्यावर चालून आल्यासारखा आला, काचेपासून वीतभर अंतरावर वळला, आणि पुढच्या क्षणाला उडी मारून खडकावर उभा. लगेच मान तिरकी करून एका डोळ्याने खालच्या माशाकडे बघायला लागला. मधे चाचपडणं नाही, डोळे चोळणं नाही. आम्ही समुद्रातून डोकं वर काढलं की किती वेळ तोंडावरून हात फिरवत बसतो! मला तेव्हा वाटलं, मी बोलले ते सगळं बरोबर होतं. ते मला कळलंय का, हा प्रश्न पडला नाही.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा पडवीत पाट घेऊन बसले. "हां. सांग."

मी वही काढली. चार वाक्यं वाचली. बाबा ऐकत होते, पण मासळीबाजारात भाव ऐकावा तसे, घ्यायचं काहीच नसल्यासारखे. मग मी वही मिटली आणि स्वयंपाकघरातून फरसाणाची एक पारदर्शक पिशवी आणि मसाल्याचं रिकामं पाकीट आणलं.

"माज्या वस्तू कश्याला?" आई आतून ओरडली.

"बाबांचा डोळा करतेय."

"मंग जुनी पिशवी घे."

पिशवीत पाणी भरून मी तोंडाला गाठ मारली आणि पाकिटावरच्या अक्षरांवर धरली. अक्षरं टम्म फुगली. बाबांच्या डाव्या डोळ्यालाही ती दिसली. मग पाकीट बादलीच्या तळाशी दगडाखाली ठेवलं, वर पाणी, आणि तीच पिशवी पाण्यात बुडवून त्या अक्षरांवर धरली. काही नाही. अक्षरं होती तेवढीच.

"गेला?" बाबा म्हणाले.

"गेला. पाण्यात पाणी घातलं की त्याचा जोर जातो. आपल्या डोळ्याची पुढची काच अशीच. हवेत सगळ्यात जास्त काम तीच करते. पाण्यात शिरली की ती असून नसल्यासारखी. म्हणून आपल्याला खाली धूसर."

"आनि पेंग्विनला?"

"त्याची पुढची काच चपटी. ती हवेतसुद्धा आपल्या काचेएवढं काम करत नाही. जे फार नव्हतंच ते पाण्यात गेलं तरी काय बिघडतं? त्याचं खरं काम आतला मणी करतो, भिंग. गोलसर, ताकदीचं. पाण्यात गेला की भोवतीचे स्नायू ते दाबून आणखी फुगवतात, वर आला की सैल सोडतात."

मला माझंच बोलणं आवडलं. कॉलेजात यातलं अर्धंही इतकं नीट जमलं नव्हतं. आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली होती.

बाबांनी पिशवी हातात घेऊन दाबून बघितली. "म्हंजे पान्यात बगायचं काम आतल्या मन्याचं."

"हो."

"आनि डाक्टर माजा तोच मनी काढनार."

हे मला सुचलंच नव्हतं.

"तो काढून दुसरा घालणार ना," मी म्हटलं.

"तो दाबला जातोय?"

"नाही. तो प्लास्टिकसारखा असतो. एकदा बसवला की बसवला."

"बग," बाबा आईला म्हणाले. "ही पोर सोताच सांगतेय."

मी सावरायचा प्रयत्न केला. माणसाचा मणी चाळिशीनंतर ताठ व्हायला लागतो, साठीत तो दाबला जातच नाही, म्हणून तर वाचायला चष्मा लागतो. तेव्हा जे तुमच्याकडे नाहीच, ते जाणार कसं? बाबा शांतपणे म्हणाले, "हाय. मना दिसतं." आणि पिशवीतलं पाणी अळवाच्या मुळाशी ओतून उठले.

त्या आठवड्यात मी जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. माझ्या वहीत लिहिलं होतं, पेंग्विनला पाण्यात छान दिसतं पण जमिनीवर तो आखूड नजरेचा, लांबचं धूसर. हेच मी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. आता मोबाइलवर वाचलं तर पुढे कोणी नीट मोजून बघितलं होतं, आणि त्याला जमिनीवरही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं असं निघालं होतं. म्हणजे मला टाळ्या कशाबद्दल पडल्या? आणखी वाचलं की काही पेंग्विनांच्या डोळ्यातली बाहुली भर उजेडात टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, त्यातून बघितलं की भिंगाने चूक केली तरी चित्र फार बिघडत नाही, आणि खोल अंधाऱ्या पाण्यात तीच बाहुली मोठी उघडते. आणखी वाचलं की समुद्रावरच्या काही वस्त्यांतली लहान मुलं बाहुली आवळून पाण्याखाली इतरांपेक्षा चांगलं बघतात. इथे मी थांबले. बाबा लहानपणापासून विहिरीत. त्यांनी ते तेव्हा कमावलेलं असेल तर? आणि साठीपर्यंत टिकलं असेल तर? पुस्तक म्हणत होतं, टिकत नाही. बाबा म्हणत होते, दिसतं. कोणाचं धरू?

मी ठरवलं, मोजायचं. बी.एस्सी. कशाला केलंय?

मोरीच्या उरलेल्या सहा पांढऱ्या टाइल्स घरात पडून होत्या. त्यांवर मी काळ्या ऑइलपेंटने रेघा मारल्या. तीनवर जाड, तीनवर बारीक, काही आडव्या, काही उभ्या. वाडीतल्या विहिरीला पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत, आणि फाल्गुनात तिचं पाणी असं नितळ असतं की तळाचा सुपारीचा दाणा मोजावा. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून खालच्या पायरीवर टाइल ठेवायची, बाबांनी पायऱ्या उतरून यायचं, तोंड पाण्यात घालायचं, हात लावायचा नाही, वर येऊन सांगायचं, आडव्या की उभ्या.

"ही तर साळंची परीक्षा झाली," बाबा म्हणाले.

"तुमचीच मागणी."

"नापास झालो तर?"

"तर ऑपरेशन."

बाबा बनियनवर उतरले. पहिली टाइल, जाड रेघा. तोंड आत, तोंड बाहेर. "उब्या." बरोबर. दुसरी, "आडव्या." बरोबर. तिन्ही जाड बरोबर. बारीक तीनपैकी एक बरोबर, दोन चूक. मी परत फिरवून फिरवून ठेवल्या. जाड परत सगळ्या बरोबर.

मला घाम फुटला, थंड पाण्यात उभी असून.

"आता तू," बाबा म्हणाले.

आई पायऱ्यांवर बसून मजा बघत होती. ती पदर खोचून खाली आली. "चोरी न्हाय करायची हां," म्हणत तिने एका तळव्याने माझे डोळे घट्ट दाबले, दुसऱ्या हाताने टाइल ठेवली, आणि माझं डोकं तसंच पाण्यात नेऊन मग तळवा काढला. मी डोळे उघडले. हिरवट उजेड आणि मधे एक पांढरा डाग. रेघा जाड होत्या की बारीक, तेही कळलं नाही.

"आडव्या," मी ठोकून दिलं.

"उब्या," आई म्हणाली.

सहांपैकी चार चुकल्या. चांगले डोळे, चष्मा नाही, सत्तावीस वर्षांचे. आणि मोतीबिंदूवाले बाबा पास.

बाबांनी डोकं पुसत पुसत निकाल सांगितला. "आपरेशन न्हाय करायचं. माजा मनी चांगला हाय." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, "तू चांगला प्रयोग केलास, बाय. आता खरं काय ते कललं."

ऑपरेशनला पाच दिवस राहिले होते. माझ्या शिक्षणाने त्या माणसाचं ऑपरेशन मोडलं होतं. दवाखान्यात फोन करून तारीख रद्द कर, हे कामही माझ्यावरच आलं. मी आज करते, उद्या करते, असं करत राहिले.

तिसऱ्या दिवशी एका कॉटेजचा वॉचमन बोलवायला आला. मोटार पाणी ओढत नव्हती, आणि शनिवारी मालकाकडे पाहुणे. बाबांबरोबर मीही गेले. विनाकारण नाही. मला एकदा जवळून बघायचं होतं, ते खाली काय करतात.

त्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या, लोखंडी शिडी होती. बाबा शिडीला हात लावायच्या आधी काठावर पालथे झोपले. छाती दगडावर, डोकं आत. वॉचमन सराईतपणे दोन पावलं मागे सरला, सावली पाण्यावर पडू नये म्हणून. बाबांनी मुठीची बारीक नळी केली आणि ती डाव्या डोळ्याला लावून खाली बघत राहिले. बराच वेळ. इतका वेळ की मला वाटलं झोप लागली.

"काय बघताय?"

"गप. पानी ठरू दे." मग म्हणाले, "पाइपाच्या उजवीकडं ती दोरी हाय का गो?"

मी वाकून बघितलं. दोरी नव्हती. भिंतीतून खाली उतरलेलं पिंपळाचं मूळ होतं, मनगटाएवढं जाड. स्पष्ट दिसत होतं.

"मूळ आहे ते."

"हां," ते म्हणाले. "मागल्या वर्सी दोरी वाटली नव्हती."

ते शिडी उतरले, पाण्यात शिरले, आणि डोकं बुडवायच्या आधी त्यांनी डोळे मिटले. मी वरून नीट बघितलं. पाणी नितळ होतं. ते सरळ खाली गेले, चेहरा वर वळला तेव्हाही पापण्या मिटलेल्या. हात पाइपाकडे गेला, पण पाइपाच्या अलीकडे मुळाला लागला, चाचपडला. ते वर आले, दम घेतला, परत गेले. चार बुड्या लागल्या.

वर आल्यावर मी टॉवेल द्यायचा विसरले. "बाबा, तुम्ही डोळे मिटून जाता?"

"मंग? खाली डोले कोन उगडतंय? झोंबतंय."

"मग पाण्यात दिसतं, दिसतं म्हणता ते?"

बाबांनी काठाकडे हात केला. "ह्ये काय. हितनं दिसतंय न सगलं. बगून घ्यायचं, डोक्यात ठेवायचं, आनि जायचं. एक ध्यानात ठेवायचं, पानी तळ उचलून दाखवतंय, म्हनून दिसतंय त्याच्या खाली हात घालायचा."

"आणि टाइल्स?"

"त्या पन पायरी उतरता उतरता दिसत व्हत्या."

"तोंड पाण्यात घातलं तेव्हा?"

"मिटलं व्हतं."

मी खाली बसले. आईने माझे डोळे दाबून मला पाण्यात नेलं होतं आणि बाबांना मी उघड्या डोळ्यांनी पायऱ्या उतरू दिल्या होत्या. प्राणिशास्त्राची पदवी मला आहे, आणि परीक्षा चोख घेतली ती शाळेत न गेलेल्या आईने.

"बाबा, अरे मग तू पाण्यात बघतच नाहीस! तू जमिनीवरून पाण्यात बघतोस! तीच नजर तुझी गेलीय. दोरी आणि मूळ तुला कळत नाही. लांबचं भिंग बसवलं की तळ दिसेल तुला. इथूनच दिसेल!"

वॉचमन दुसरीकडे बघायला लागला. बाबांनी सावकाश डोकं पुसलं. "तू" ऐकून त्यांच्या मिशीत थोडं हसू आलं होतं.

"मंग येवडी पेंग्विनची गोष्ट कश्याला सांगितलीस?" ते म्हणाले.

त्यांनी विचारलेला प्रश्न पेंग्विनचा होता, माझ्याकडे उत्तर पेंग्विनचं होतं, आणि दोन्हींचा त्यांच्या डोळ्याशी संबंध नव्हता. तरी पेंग्विन नसता तर मी त्यांच्याबरोबर विहिरीवर गेले नसते. मग संबंध होता की नव्हता? मला आजही सांगता येत नाही.

"पान्यातलं जानार न्हाय न?" त्यांनी घरी जाताना परत विचारलं. "एकदा नीट सांग."

"जाणार नाही. जे नाहीच ते..." मी थांबले. "नाही जाणार."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. लांबचं भिंग. पट्टी निघाली तेव्हा बाबा पहिल्यांदा म्हणाले, "तुज्या आयचं पातल निलं हाय?" आई म्हणाली, ते आधीपासून निळंच आहे, तुम्हांला चार वर्षं राखाडी दिसत असेल तर मी काय करू? बाबा दिवसभर एकेक डोळा झाकून आकाश बघत होते. एकाने पिवळट, एकाने निळं. "खरं कंचं?" मला विचारलं. नवं ते खरं, मी म्हटलं. पण त्यांनी डाव्यानेही एकदा बघून घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपल्यावरही मी त्यांना विहिरीपासून लांब ठेवलं. डॉक्टरांनी "आता हरकत नाही" असं स्वतः म्हटलं तेव्हाच सोडलं. पुढचं बोलावणं त्याच कॉटेजचं होतं. पावसाळा होऊन गेला होता, पाणी वर आलेलं पण निवळलेलं. मी बरोबर गेले. खरं सांगायचं तर मला निकाल बघायचा होता, माझा.

बाबा काठावर पालथे झोपले. मूठ डोळ्याला लावलीच नाही. नुसते बघत राहिले. मी शेजारी उकिडवी बसले.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"फुटवॉल?"

"त्यो पन दिसतोय." मग त्यांनी बोटाने दाखवायला सुरुवात केली. फुटक्या हिरव्या बाटल्या, पाइपाच्या बुडाशीच, काचा वर करून. लोखंडी पत्र्याचा तुकडा, कडा सुऱ्यासारखी. पिंपळाच्या मुळाच्या बेचक्यात पाणसापाची कात. भिंतीचे सुटलेले दोन दगड, एकाखाली एक पोकळी. ते एकेक दाखवत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली जात होता. मलाही ते सगळं दिसत होतं, मागच्या वेळीही दिसलं असणार, पण मी तेव्हा फक्त मूळ बघितलं होतं.

"ह्ये सगलं आधीपासून व्हतं?"

वॉचमन म्हणाला, "बाटल्या तर दोन-तीन वर्सांच्या हायत, काका. पावनं टाकतात."

"आनि मी हात घालीत व्हतो."

बाबा उठून बसले. शिडीकडे बघितलं. पाय पुढे केला नाही. मी त्यांना विहिरीच्या काठावर असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं, उतरायचं असून न उतरता. वॉचमनने विडी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "बाय, गल आन."

दोरीला लोखंडी आकड्यांचा गळ बांधून आम्ही दुपारपर्यंत ओढत होतो. ते वरून सांगत, "डावीकडं, आजून, खाली घाल, दिसतंय त्याच्या खाली," आणि मी ओढत होते. पत्रा निघाला. तीन बाटल्या निघाल्या. काचांचा चुरा तसाच राहिला. फुटवॉल शेवटी पाइप वर ओढूनच साफ केला, बाकीचे लोक करतात तसा. वॉचमन आणि मी धरायला, बाबा सोडवायला. अर्धा दिवस गेला. वॉचमन गमतीत म्हणाला, "काका, म्हातारे झालात," आणि बाबांनी त्याला शिवी दिली नाही.

घरी जेवायला बसल्यावर आईने विचारलं, पान्यात कसं दिसलं नव्या डोल्यानं?

"उतरलोच न्हाय," बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. डाव्या डोळ्याची तारीख द्यायची होती. बाबा पडवीत सुपाऱ्या सोलत होते. मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"दुसरा राहू दे," ते म्हणाले. "एका डोल्यानं येवडं दिसतंय. दोनांनी दिसलं तर मी कदी उतरनारच न्हाय."

"पण उतरताय कुठे आता?"

"उतरंन. ह्यो नवा डोला मिटून, त्यो जुना उगडा ठेवून काठावरनं बगंन, पयल्यासारखं. मंग जमंल." मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जमंल न? तू सांग."

फोनमधली बाई "हॅलो, हॅलो" करत होती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चाललाय, तो तसाच ठेवला तर काय होईल हे मला माहीत होतं. हे मी त्यांना सांगू शकत होते, आणि ते खरं होतं. पण काचा बघितल्यावर परत विहिरीत हात कसा घालायचा, हे मला माहीत नव्हतं. कुठल्या वहीतही नव्हतं.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. रागावले नाहीत. उजवा डोळा स्वच्छ, डावा ढगाळ, दोन्ही माझ्यावर.

"मंग बाईला सांग," ते म्हणाले, "आमी इचार करतोय."

मी तसं सांगितलं. बाई म्हणाली, किती दिवस? मी परत फोनवर हात ठेवला.